बर्फाच्या कारखान्यात उभी असलेली होडी

मी, खाली सही करणारी, वय ६९ वर्षे, धंदा – टेलिफोन खात्यातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त, राहणार – धक्क्यामागची गल्ली, बर्फाच्या कारखान्यासमोर, पहिला मजला, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, कोणीही न पढवता, जबाब देते की,

वरील पत्त्यावर मी माझ्या नणंदेसोबत राहते. त्या माझ्याहून लहान आहेत, पण मी त्यांना पहिल्यापासून वन्सं म्हणते, म्हणून इथेही तसेच लिहावे. माझे पती, म्हणजे वन्संचे दादा, तीन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्यामागे एक शिडाची होडी, एक कागदी समुद्री नकाशा आणि आम्ही दोघी, एवढे उरले. होडी वन्सं चालवतात. मला पोहता येत नाही, म्हणून मी नकाशाकडे पाहते.

नौका संघाच्या सेक्रेटरींनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे की मी आज सकाळी संघाची बचाव-बोट विनापरवाना नेली, चावी हिसकावली आणि त्यांना शिवीगाळ केली. बोट नेली हे खरे आहे. चावी खिळ्याला टांगलेली होती आणि खिळ्याने काहीही विरोध केला नाही. शिवीगाळ मी केलेली नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे आवाज न चढवता माणसाला बसल्या जागी गप्प करायला शिकवतात, शिव्यांची गरज पडत नाही.

आता मूळ हकीकत. ती संगणकापासून सुरू होते, म्हणून अंमलदारांनी मधे थांबवू नये.

या वर्षाच्या सुरुवातीला मी होडीवरच्या संगणकात समुद्री नकाशे बसवायला घेतले. हल्ली तयार नकाशे मिळतात. ते एका दुपारीत बसले. खोली, खडक, दिवे, सगळे रंगीत. वन्संनी पाहिले आणि म्हणाल्या, "छान आहे गं वहिनी, दवाखान्यातल्या रिपोर्टसारखं. दादाचा कुठाय?"

दादांचा नकाशा म्हणजे जुना छापील कागद, त्यावर त्यांनी वर्षानुवर्षे पेन्सिलीने लिहिलेले. "इथे वारा फसवतो." "पाणी कमी, घाई नको." एका ठिकाणी नुसते "सुंदर". तो मी झेरॉक्सच्या दुकानात तुकड्यातुकड्याने स्कॅन करून घेतला. दुकानदार म्हणाला, "आजी, एवढं मोठं चित्र कशाला?" मी त्याला सांगितले की हे चित्र नाही आणि मी त्याची आजी नाही. घरी येऊन तुकडे जोडले, कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश संगणकाला दिले आणि नकाशा पडद्यावर ताणून बसवला. एकदा उलटा बसला होता. तो तपशील वगळते.

मग आम्ही दोघी धक्क्याला बांधलेल्या होडीत बसलो. बोटाएवढा रिसीव्हर लावला. तो आकाशातल्या उपग्रहांकडून आपली जागा विचारून घेतो. थोड्या वेळाने दादांच्या पेन्सिलीच्या अक्षरांमध्ये एक लाल खूण उमटली आणि होडी डुलली तशी तीही डुलली. वन्संनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की माझा चष्मा पाण्यात जाता जाता राहिला. खूण हुबेहूब आमची होती. फक्त ती बर्फाच्या कारखान्यात उभी होती.

याचे कारण मी शोधून काढले. दादांचा नकाशा उपग्रहांच्या पुष्कळ आधीच्या मोजणीवरून छापलेला आहे. त्यामुळे उपग्रहाने सांगितलेली जागा त्यावर थोडी सरकून, जमिनीच्या बाजूला दिसते. सगळीकडे तेवढीच आणि त्याच दिशेला. संगणकात दोन आकडे टाकले की हा फरक जातो. वन्संनी ते टाकू दिले नाहीत.

"दादाच्या नकाशाला हात लावायचा नाही."

"नकाशाला कोण लावतंय वन्सं? दोन आकडे आहेत."

"आज आकडे म्हणशील, उद्या म्हणशील अक्षर नीट करते. राहू दे. कारखाना म्हणजे धक्का, एवढं मी मनात धरीन."

मी राहू दिले. तेव्हापासून वन्सं पडद्यावर गावातून हिंडत आणि प्रत्यक्षात पाण्यात असत. दीपगृहाजवळून जाताना खूण टेकडीखालच्या रस्त्यावर ठेवली की होडी खडकांपासून सुरक्षित अंतरावर असते, हे त्यांना पाठ होते. घरी माझ्या लॅपटॉपवरही हाच नकाशा आहे. होडी आपली जागा फोनवरून त्यावर पाठवत राहते आणि मी भाजी निवडत बघत असते.

आज सकाळी वन्सं पलीकडच्या बंदरातून दुरुस्त केलेले दुसरे शीड आणायला एकट्या निघाल्या. वाटेत धुके उतरले, एवढे की मला खिडकीतून कारखानाही दिसेना. थोड्या वेळाने लॅपटॉपवरची खूण दीपगृहाच्या रस्त्यावर न थांबता टेकडीवर चढली आणि तिथेच राहिली. मी फोन लावला.

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, खूण अजून रस्त्यापर्यंत आलीसुद्धा नव्हती गं, तरी लागलं. पाणी आत येतंय." पुढे फोन बंद.

माझ्या पडद्यावर होडी रस्ता ओलांडून टेकडीवर, त्यांच्या पडद्यावर रस्त्याच्याही अलीकडे. एकच होडी, एकच नकाशा आणि दोन जागा. टेलिफोन खात्यात असे झाले की समजायचे, मधल्यामधे कोणीतरी तार जोडली आहे. भरती लागलेली होती. मी लॅपटॉप काखेत मारून संघाच्या कार्यालयात गेले. धावत गेले, असे लिहायला हरकत नाही.

सेक्रेटरी चहा पीत होते. त्यांनी पडदा पाहिला आणि म्हणाले, "बाई, तुमची होडी टेकडीवर चढलीय. अग्निशमन दलाला बोलवा, त्यांच्याकडे शिडी असते." बाकावरचे दोन सभासद हसले. मी नकाशातला फरक समजावू लागले तर हात वर करून म्हणाले, "मला नका शिकवू. काल वार्षिक तपासणीला मीच तुमच्या होडीवरच्या संगणकात दुरुस्ती टाकून दिली. बर्फाच्या कारखान्यात होडी, हे काय नौकानयन झालं? तुमच्या या लॅपटॉपवर तेवढं राहिलंय."

"वन्संना सांगितलंत?"

"त्यात सांगायचं काय? दोन आकडे."

म्हणजे संगणकाने दुरुस्ती केलेली होती आणि वन्सं रोजच्यासारखी मनातल्या मनात तीच पुन्हा करत होत्या. पडदा त्यांना आज खरी जागा दाखवत होता. त्या त्याला रोजचाच समजून खूण रस्त्यावर आणायला किनाऱ्याकडे वळत गेल्या, खडकांपर्यंत. धक्का डोळ्यांना दिसत असतो म्हणून निघताना त्या पडदा लावत नाहीत. धुके आल्यावर लावला, असे त्यांनी नंतर सांगितले. एरवी फरक धक्क्यावरच लक्षात आला असता.

हे समजल्यावर मी बचाव-बोट ताबडतोब सोडायला सांगितली.

सेक्रेटरी म्हणाले की नियमाप्रमाणे धुक्यात बचाव-बोट सोडता येत नाही. ती उन्हात वाचवायला ठेवली आहे का, असे मी विचारले. ते म्हणाले, चुकीच्या यंत्रावर भरवसा ठेवून मी माणसे पाठवणार नाही. त्यावर मी जे बोलले ते शब्दशः असे: "माझं यंत्र चुकतं, पण दर वेळी तेवढंच चुकतं, म्हणून त्याच्यावर विसंबता येतं. तुमच्याबद्दल तसं म्हणता येत नाही." ही शिवी असेल तर पूर्ण नोंदवावी. मग मी चावी घेतली.

दारात संघाचा इंजिनवाला हात पुसत उभा होता. तो म्हणाला, "मावशी, बोट मी चालवतो. वाट तुम्ही सांगा." त्याने मला मावशी म्हटलेले मी चालवून घेतले. तो स्वखुशीने आला, पण नोकरी त्याची आहे, म्हणून त्याला मी नेले असेच लिहावे.

बोटीत मी लॅपटॉप मांडीवर घेतला, अंगावरची शाल त्यावर तंबूसारखी धरली आणि रिसीव्हर लावला. आमचीही लाल खूण उमटली, बर्फाच्या कारखान्यात. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले. वन्संची शेवटची खूण टेकडीवर, आमची कारखान्यात. दोघींची चूक एकच. म्हणजे आकडेमोड काही नाही, आपली खूण नेऊन त्यांच्या खुणेला भिडवायची. आम्ही निघालो. समोर इंजिनवाल्याची पाठ सोडून काही दिसत नव्हते.

तो दर थोड्या वेळाने विचारी, "मावशी, कुठे आलो?"

"पोस्टात."

"मग हळू घेऊ?"

"नको. आज सुट्टी आहे, गर्दी नाही. सरळ चल. आता डावीकडे, शाळेच्या मैदानातून."

"शिपाई ओरडेल."

"मी बोलते त्याच्याशी."

हा संवाद पोरकट वाटेल. पण अडचणीत बोलते राहिले की आवाज सरळ राहतो, हे मी टेलिफोन एक्स्चेंजवर शिकले. भीती वाटत होती का, असे अंमलदारांनी विचारल्यावरून सांगते की, होय. आणि मजा येत होती का, असे त्यांनी विचारलेले नाही, पण होय. दवाखान्याच्या छपरावरून जाताना शेजारच्या पाण्यावर दादांच्या अक्षरात "पाणी कमी, घाई नको" असे आले. ते शब्द मात्र जिथे लिहिले तिथेच मानायचे असतात की आम्ही जिथे आहोत तिथे, याचा मला क्षणभर गोंधळ झाला. मी इंजिनवाल्याला वेग कमी करायला सांगितले. घाई नको म्हटले आहे ना, मग नको.

टेकडी चढायला लागलो तेव्हा डबा वाजवल्याचा आवाज आला. दोन्ही खुणा एकमेकींना लागल्या आणि धुक्यातून आधी शिडाचे टोक आणि मग वन्सं दिसल्या. होडी एका कुशीवर कलली होती. त्या आत कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून डावाने पातेले बडवत होत्या आणि दुसऱ्या हाताने गुंडाळलेला मूळ कागदी नकाशा डोक्यावर धरला होता. इंजिनवाल्याने बोट खडकाच्या आडोशाला अलगद लावली आणि मी हात दिला. वन्संचा हात फार गार होता.

"उशीर केलास वहिनी."

"वाटेत सेक्रेटरी होते."

त्या आमच्या बोटीत आल्यावर काही वेळाने होडीचा कठडा पाण्याखाली गेला. किती वेळाने, ते मी पाहिले नाही. मी वन्संच्या पायांना शाल गुंडाळत होते.

परत येताना त्यांना मी दोन आकड्यांचा प्रकार सांगितला. सेक्रेटरींबद्दल त्यांनी जे म्हटले ते या जबाबात येऊ शकत नाही, कारण त्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या नाहीत. मग म्हणाल्या, "टाक ती दुरुस्ती. पण त्याचं अक्षर हलता कामा नये."

मी त्यांना सांगितले, "नकाशा हलत नाही वन्सं. होडी हलते."

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

मी तीन वेळा सांगितले होते. पण त्यांचे दात वाजत होते, म्हणून शाल आणखी घट्ट केली. शाळेच्या मैदानातच मी आकडे टाकले आणि आमची खूण मैदानातून उठून अलगद पाण्यात आली. दादांचे "सुंदर" जिथल्या तिथे राहिले. आम्ही दोघींनी झुकून ते बघितले.

माझे म्हणणे एवढेच की दुसऱ्याच्या होडीतले आकडे न सांगता बदलणे हा काय गुन्हा आहे, ते सरकारने ठरवावे, आणि माझी तक्रार सेक्रेटरींच्या तक्रारीशेजारीच दाखल करून घ्यावी. बचाव-बोटीची चावी माझ्या पर्समध्ये आहे. ओहोटीला आमची होडी खडकावरून काढायची आहे, तोपर्यंत चावी मिळणार नाही.

हा जबाब अंमलदारांनी मला वाचून दाखवला. त्यानंतर मी चष्मा लावून स्वतः वाचला आणि "नणंद बचावली" या जागी "वन्सं बचावल्या" असे करून घेतले. आता तो मी सांगितल्याप्रमाणे आहे आणि बरोबर आहे. वन्सं बाहेरच्या बाकावर पोलिसांच्या घोंगडीत बसून तिसरा चहा पीत आहेत, त्यांनीही दारातून ऐकला आहे, आणि त्यांची काही दुरुस्ती नाही.