पुलाच्या फोटोतलं घमेलं

माझ्या मुलीला जुळी झाली, त्या वर्षी मी गावाकडचं छोटं संग्रहालय पाहायला गेलो. जुना पूल बांधणाऱ्या मजुरांच्या फोटोपुढे दोन म्हाताऱ्या बहिणी उभ्या होत्या.

"लागलीस बाई भिंतीवर! आता लोक तिकीट काढून तुझं थोबाड बघणार."

"तुझ्या का पोटात दुखतंय?"

"दुखेल नाही तर काय! घमेली दोघींनी वाहिली आणि फोटोत तू एकटी."

"तू कुठे तडमडली होतीस तेव्हा?"

"विसरलीस, ताई? तुझंच कार्टं रडत होतं. त्याला घेऊन मी झाडाखाली बसले, म्हणून तू नटून उभी राहिलीस."

"नटून कसली? केसांत चुना भरला होता."

"तरी दिसतेस ना! माझं काय आहे इथे?"

"चष्मा लाव आणि माझ्या पायाशी बघ. घमेली किती आहेत?"

"दोन."

"त्यातलं चेपलेलं कुणाचं?"

"माझं."

"फोटोवाला म्हणत होता, ते बाजूला कर. मी नाही केलं."

पुढच्या वर्षी गेलो, तर धाकटी एकटीच त्या फोटोपुढे उभी होती.

"जाण्यातही हिचाच नंबर आधी," ती मला म्हणाली.

थोरली मार्चच्या नऊ तारखेला वारली होती.