तिसरा फोटो राहिलाय

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या हॉस्पिटलच्या ट्रस्टचे प्रमुख माननीय रावसाहेब, सचिव विश्वजित साहेब, व्यासपीठावरची डॉक्टर मंडळी, ज्यांच्यासाठी आपण ऐरोलीच्या या सभागृहात जमलो त्या सत्कारमूर्ती डॉक्टर ज्ञानेश्वरी मॅडम, आणि समोर बसलेल्या सिस्टर, मामा, मावशी, माझ्यासारखे थरथरणारे पेशंट आणि त्यांना धरून आणणारी त्यांची माणसं, सर्वांना सयाजीचा नमस्कार.

माझ्या मागच्या फलकावर मेंदूचा एक देखणा फोटो छापलाय. छपाईवाल्याने त्याला निळा रंगही दिलाय. असा एक फोटो खरा केवढ्याला पडतो, याचा हिशेब आधी करू या. मशीन केवढ्याचं, वीज किती खातं, ते साहेब मंडळी सांगतील, तो त्यांचा प्रांत. माझ्याकडचा हिशेब वेगळा. फोटोच्या आधी मॅडम हातपाय तपासायच्या, आणि औषधाविना आजार कसा आहे ते बघायचं असल्याने आदल्या रात्रीपासून पार्किन्सनची गोळी बंद. मग सकाळी शर्टाची बटणं बायकोने लावायची. चहा तिने पाजायचा, तोही अर्धा कप, कारण भरलेला कप म्हणजे तिच्या साडीची धुलाई. खाली रिक्षावाला विचारणार, "काय काका, रात्रीची उतरली नाय का अजून?" त्याच्याकडे बघून हसावं म्हटलं, तर या आजारात चेहरासुद्धा वेळेवर हसत नाही. म्हणजे एका फोटोला एक सकाळभराची अब्रू लागते. आम्ही ती दोनदा दिलीय. कुणी मागितली म्हणून नाही, स्वतःहून.

मला बोलायला का उभं केलं? मी काही शिकलेला माणूस नाही. साताऱ्याकडून आलो, बाजारात कांद्याच्या गोण्या वाहिल्या, मग एका अडत्याकडे राहिलो, आता स्वतःचा गाळा आहे. देवाने मला अक्कल बेताची दिली, पण कान चांगले दिले. लिलावाच्या गोंगाटात कोण कुणाला काय पुटपुटतो ते मला ऐकू येतं. त्यामुळे मघाशी पडद्यामागे विश्वजित साहेब कुणाला तरी म्हणाले, "पेशंट आहे, दोन मिनिटं बोलू द्या. फक्त रविवारचा विषय काढायचा नाही म्हणावं," तेही मला ऐकू आलं. साहेब, रागावू नका. तुम्ही हळूच बोलला होतात. दोष माझ्या कानांचा आहे.

तर रविवारचा विषय असा.

पण त्याआधी मॅडमची आणि माझी गाठ कशी पडली ते सांगतो. आमच्या बाजारात पूर्वी रुमालाखाली भाव व्हायचे. आता ती पद्धत गेली, बरंच झालं, पण तेव्हा होती. दोन माणसं हातात हात देणार, वर रुमाल टाकणार आणि बोटं दाबून भाव बोलणार. तोंडातून शब्द नाही. आणि नियम एकच, रुमालाखाली दाबलेलं बोट मागे घ्यायचं नाही. चुकलं तरी तुमचं, बुडलात तरी तुमचं. एका सकाळी मी एकदा बोट दाबलं आणि ते आपोआप आणखी दोनदा दाबलं गेलं. समोर नामदेव अडत्या. रुमाल काढून म्हणतो कसा, "सयाजीराव, आज एवढा हात सैल? पोरीचं लग्न जमलं काय?" मी हसलो. माल उचलला. चढ्या भावाने उचलला, पण उचलला. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी बाजारात बातमी फिरली की सयाजीला भावाचं काही कळेनासं झालंय. मला भाव कळत होता हो. बोटाला कळत नव्हता.

मग डॉक्टर झाले, साधा एमआरआय झाला. रिपोर्ट नॉर्मल. घरात पेढे आणायचे तेवढे राहिले. मेव्हणा म्हणाला, "दाजी, मेंदू एकदम कोरा करकरीत आहे, तुम्ही उगाच टेन्शन घेता." कोरा म्हणाला त्याचं मला वाईट नाही वाटलं, पण हात तर थांबेना. अशा वेळी कुणीतरी मॅडमकडे पाठवलं.

मॅडमनी मला खुर्ची दिली आणि जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो, चुकलं तर त्या इथेच बसल्यात. या आजारात साधा फोटो बऱ्याचदा स्वच्छच येतो. तो दुसरं काही नाही ना, एवढं सांगतो. खरी पडझड मेंदूच्या पार आत, खालच्या बाजूला, एका बारक्या जागेत चाललेली असते. तिथल्या काळसर पेशी कमी होत जातात, लोह साठत जातं. निरोगी माणसात तिथे एक खूण दिसते, पाकोळी पक्ष्याच्या शेपटीसारखी, टोकाला दुभंगलेली. जास्त ताकदीच्या मशीनवर वेगळ्या रीतीने फोटो काढला तरच ती नीट दिसते. माझ्या फोटोत पाकोळी होती, शेपटी नव्हती. मॅडमनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. तुम्हाला सांगतो, आजार निघाला याचं दुःख करावं की नाही ते मला कळेना, कारण इतक्या दिवसांनी पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं की हे खोटं नाही.

मग त्या म्हणाल्या, "सयाजीराव, माझ्या अभ्यासात याल? काही वर्षांत तीन फोटो. तुम्हाला यातून औषध मिळणार नाही, हे आधीच सांगते." मी विचारलं, तीन कशाला? म्हणाल्या, "पहिल्यावरून कळतं तुम्ही कुठे आहात. दुसऱ्यावरून कळतं कुठे चाललात. आणि किती वेगाने, ते तिसऱ्याशिवाय सांगता येत नाही. उद्या कुणी हा आजार थोपवणारी गोळी काढली, तर ती खरंच थोपवते का, हे मोजायला आधी वेग माहीत हवा."

मला हे पटलं. मग म्हणाल्या, तुलनेला निरोगी माणसंही हवीत, घरचं कुणी आहे का? माझी बायको प्रेमला शेजारीच होती. ती म्हणाली, "माझा काढा. यांचं डोकं बघितलंय मी रोज, माझंही एकदा बघू दे कुणीतरी." पण दाराशी अडलं. आमच्या टेक्निशियन अस्मिताताई म्हणाल्या, "काकू, मंगळसूत्र काढून ठेवा." प्रेमला म्हणाली, "सोन्याचं आहे, लोखंडाचं नाही." त्या म्हणाल्या, "सोनं असलं तरी आत चालत नाही." बाई आल्या पावली परत. पुढच्या रविवारी आली ती गळ्यात पिवळा दोरा आणि त्यात हळकुंड बांधून. अस्मिताताईंना म्हणाली, "आता ओढून दाखव म्हणावं तुझ्या मशीनला." पुढे आमच्या त्या रांगेत किती हळकुंडं दिसली ते मॅडमना विचारा.

आता रविवार. आठवडाभर मशीनवर पेशंटची गर्दी, म्हणून रविवारची सकाळ मॅडमनी अभ्यासासाठी मागून घेतली होती. स्वतःची सुट्टी घालवून. आज त्या निवृत्त होतायत आणि पुढच्या महिन्यापासून रविवारची सकाळ ऐरोलीच्या कंपन्यांच्या हेल्थ चेकअपला देणार असं ठरलंय. अभ्यास बंद. आम्हा सगळ्यांचे दोन दोन फोटो झालेत. तिसरा राहिलाय.

उरणचे गंगारामभाऊ समोरच बसलेत. त्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी मॅडमना विचारलं, "बाय, तिसरा फोटू काढलाच नाय, तं पयले दोन कुनाच्या कामान आले?" मला तर त्या बजावून म्हणाल्या, "सयाजीराव, माझ्या निरोपात भांडण नको." मॅडम, हे भांडण नाही. हा भाव चाललाय.

विश्वजित साहेब, घड्याळ दाखवू नका. आणि माझा हात हलतोय म्हणजे मी निरोप घेतोय, असंही समजू नका.

मला सांगा, शब्द कुणी दिला होता? एकट्या मॅडमनी? त्या खोलीवर पाटी कुणाच्या नावाची आहे? आम्ही गोळी बंद ठेवून, अर्धा कप चहा पिऊन, हळकुंड बांधून कुणाच्या दारात आलो? तीन फोटो म्हणून हॉस्पिटलने बोट दाबलंय, आणि आमच्या लाइनमध्ये दाबलेलं बोट मागे घेत नाहीत. मी चढ्या भावाचा कांदा उचलला, माझी चूक नव्हती, आजाराची होती, तरी उचलला. तुम्हाला तर आजारही नाही.

तर आम्ही ठरवलंय. मॅडम असोत नसोत, येत्या रविवारी आम्ही सगळे येणार. चालणारे चालत, बाकीचे व्हीलचेअरवर. अभ्यास पुढे चालवायला तरुण डॉक्टर तयार आहेत, अस्मिताताई तयार आहेत, लागतं ते फक्त मशीन. सिक्युरिटी बाहेर काढणार असेल तर काढू दे, पण धरताना जपून, आमची माणसं थरथरतात, अंगावर चहा सांडतो. आणि सगळ्यात पहिला नंबर माझा. सयाजी कधी रांगेत मागे राहिलेला नाही.

रावसाहेब, तुम्ही मघापासून मान हलवताय. होकाराची की नकाराची, ते इथून कळत नाही, आणि बाजारात मान चालत नाही. तुमचे वडील आमच्याच बाजारात अडते होते, तुम्हाला शिकवायला नको. हा माझा रुमाल. धुतलेला आहे, प्रेमलाने सकाळीच दिलाय. हात द्या.

द्या हो. लोक बघतायत म्हणूनच तर मागतोय.

आभारी आहे. मंडळी, रुमालाखालचं उघड सांगायची रीत नाही, पण विषय फोटोचा आहे म्हणून सांगतो. एक बोट, राहिलेल्या एका फोटोचं. माझं थरथरत होतं, म्हणून माझं सोडून द्या. अध्यक्षांचं थरथरलं नाही, ते मी नीट बघून घेतलं. विश्वजित साहेब, चेकअपवाल्यांना शनिवार विचारून बघा.

मॅडम, तुम्हाला शाल-श्रीफळ देण्याची माझी पात्रता नाही. तुम्ही आम्हाला नाटकी म्हटलं नाहीत, त्याबद्दल आम्ही सगळे तुमचे आहोत. अध्यक्षांचे, संयोजकांचे आणि दोन मिनिटांची इतकी मिनिटं होऊ देणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाच्या मनाला लागलं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

आणि पहिल्या नंबराचं म्हणालो ते जरा दुरुस्त करून घ्या. दिवाळीनंतर माझ्या छातीत पेसमेकर बसवलाय, या मशीनला न चालणारा. मला आता त्या दाराच्या आत सोडत नाहीत. आत प्रेमला जाईल.