पुढेच जाणाऱ्या शेठचा रिव्हर्स

माझं गाव खडवली. शाळा पण तिथलीच, आणि शाळेत मी काय शिकलो विचाराल तर आवाज शिकलो. गणिताच्या सरांचा खोकला, हेडमास्तरांची स्कूटर, किक मारली की आधी रुसायची, खुर्र खुर्र, मग एकदम फाट्, सगळं तोंडाने करायचो आणि मार खायचो. आई बोलायची हा एकतर नाटकात जाणार नाहीतर वाया जाणार. दोन्ही नाही झालं, मी मेकॅनिक झालो. मानपाड्याला गाळा आहे माझा, बाइकची इंजिनं खोलतो, आणि हसू नका, ते आवाजाचं शिक्षण इथेच कामाला आलं. गिऱ्हाईक फोनवर बोलतं गाडीतून आवाज येतो, मी विचारतो कसला, त्याला सांगता येत नाही, मग मीच करून दाखवतो, टक् टक् टक् असा, का खर्रर्र असा, तो बोलतो हां हां, दुसरा, दुसरा. झालं, रोग समजला.

तर असाच एक दिवस विक्रांतशेठचा फोन. हा आमच्या बाजूच्या गावठाणातला. आजाने भात लावला त्या जागेवर आता टॉवर आहेत, आणि ह्याच्याकडे काय आहे, तर टाइम आहे. टाइमच टाइम. तर ह्याने रेसची गाडी घेतलेली. रस्त्यावरची नाही, ट्रॅकवरची, वर छप्पर नाही, दार नाही, आत बसायचं म्हणजे बाथटबात उतरल्यासारखं उतरायचं, आणि मागे इंजिन मोटरसायकलचं. आता मोटरसायकलला रिव्हर्स नसतो, आपण पाय टेकून ढकलतो ना मागे. पण रेसवाल्यांचा नियम, गाडी स्वतःच्या ताकदीने मागे गेलीच पाहिजे, नाहीतर तपासणीतच बाहेर. म्हणून मागच्या एक्सलवर एक मोठं दातेरी चक्र बसवलेलं असतं, आणि बाजूला हलत्या प्लेटवर एक स्टार्टर मोटर. लिव्हर ओढली की मोटरचं छोटं चक्र मोठ्यात अडकतं, बटण दाबलं की गाडी हळूहळू मागे. एवढीच गंमत.

आणि ह्या पठ्ठ्याने काय केलं, तर लिव्हर ओढलेलीच ठेवून पुढे सुटला. सुसाट. छोट्या चक्राचे दात गेले, मोटर जळाली, आणि मला बोलतो अरे ही कंपनीची क्वालिटीच बेकार. मी बोललो हो शेठ, कंपनीच बेकार. तोंडावर काय बोलणार.

त्याचं म्हणणं काय होतं सांगू, अरे रेसची गाडी, ती मागे कशाला जाईल, मागे जातात ती म्हातारी माणसं आणि कचऱ्याच्या गाड्या. असा मान वर करून बोलायचा, हनुवटी पुढे, हे बघा, अशी. पण नियमाला तो काय करणार? मग बोलला, रिव्हर्स चालू करून दे, तुला टीममध्ये घेतो, साउथला ट्रॅकवर येशील आपल्यासोबत, जॅकेटवर तुझं नाव शिवून घेतो. काय सांगू तुम्हाला, मी आईला फोन करून सांगितलं, आई, जॅकेट, नाव शिवून. ती बोलली ते धुणार कोण ते पण विचार.

कामाला लागलो. छोटं चक्र बाजूच्या गाळ्यात नवीन कापून घेतलं, मोटर एका लहान कारची घातली, आणि प्लेट परत जागेवर खेचायला जुन्या बाइकच्या साइड स्टँडची स्प्रिंग लावली, म्हणजे लिव्हर सोडली की चक्र आपोआप सुटणार, शेठच्या डोक्यावर काही अवलंबून नको. बटण दाबलं. गाडी गेली पुढे! मोटर फिरत होती उलट्या बाजूने, मी प्लेटला ज्या तोंडाने बसवली ते तोंडच चुकलेलं. आणि शेठ काय खूश, टाळ्या वाजवतो, बघ, बघ, तिला पण मागे जायला आवडत नाही. मी मोटर काढली, प्लेटच्या दुसऱ्या बाजूने तोंड फिरवून बसवली, त्यासाठी नवीन ब्रॅकेट करायला लागला, आणि मग गेली बाबा मागे, घुंईईई, अशी, लाजत लाजत.

निघायच्या दिवशी शेठचे वडील बोलले आधी गावदेवीला नारळ फोडा. बरोबर आहे. गाडी ढकलत नाही नेली, हा चालवत घेऊन गेला, देवळाकडे जाणाऱ्या बोळातून, एवढ्याशा, आख्खं गावठाण बाहेर. नारळ झाला, प्रसाद झाला, गाडी साउथला न्यायचा ट्रक हायवेला उभा, ट्रकवाला सारखा फोन करतोय की अजून थोडाच वेळ थांबीन, नंतर ट्रकला रस्ता बंद होतो, मग मी निघालो. आणि परत येताना बोळात समोरून घुसला महेश, शेठच्या चुलत्याचा मुलगा, ती डोंगराएवढी काळी गाडी घेऊन. नाकाला नाक. म्हशीसमोर बेडूक.

आता त्या बोळाचं तुम्हाला सांगायला पाहिजे. तिथे कोणी मागे घेत नाही. ज्याने घेतली तो लग्नात पण खाली बघून जेवतो. महेशच्या मागे बोळाचं तोंड, एका गाडीएवढं अंतर फक्त, पण नाही. काच खाली करून बोलतो, दादूस, तू घे की, तुझी तर रेसची हाय. हा बोलतो, तू घे, तू नंतर घुसलास. दोघांनी इंजिन बंद केलं. बंद! जसं काय आता इथेच संसार मांडायचाय. मधे एक कोळीण मावशी अडकली, डोक्यावर पाटी, ती ओरडते, आरं बाबांनो, कोनीतरी गारी मागं घ्या रं, माझी मासली नासली! कोणी ऐकेना. शेठ टबातून उतरून तिकडे हात नाचवायला गेला. ट्रकवाल्याचा परत फोन.

मी काय केलं? मी आत उतरलो, लिव्हर ओढली, बटण दाबलं. घुंईईई. देवळासमोरच्या मोकळ्या जागेपर्यंत जायचं होतं, लांब होतं, मधेमधे थांबून मोटरला श्वास घेऊ दिला. आणि गाडीला रिव्हर्सचा हॉर्न नाही, म्हातारी माणसं, पोरं मागे, म्हणून तोंडानेच केला, टीं टीं टीं, सावधान, गाडी मागे येत आहे, गाड्यांमध्ये रेकॉर्ड केलेली बाई बोलते ना, तिच्या आवाजात, मंजूळ. आख्खा बोळ हसून हसून आडवा. मावशी बोलली, वा रं बाला, एक तरी मर्द निघाला. महेश हॉर्न मारत पुढे गेला, जसा काय किल्ला जिंकला. आम्ही निघालो, ट्रक मिळाला, गाडी चढली.

आणि मला नाही चढवलं. शेठ बोलला, माझी गाडी माझ्या चुलत्याच्या पोरासमोर मागे नेलीस तू, आणि वर बाईचा आवाज काढलास. मी बोललो शेठ, ट्रक गेला असता. तो बोलला, गेला असता तर गेला असता. असं बोलला, खरंच! जॅकेट मात्र गेलं साउथला, नाव शिवलेलं होतं ना, ते फुकट कशाला घालवायचं. त्याचा कुणी मित्र घालून फिरला, फोटोत बघितलं, माझं नाव आणि छाती भलत्याचीच. आईला काय सांगू? बोललो गर्दीत मी दिसत नाहीये.

तपासणीत गाडी पास झाली, म्हणजे मागे गेली. आणि रेसमध्ये शेठ पहिल्या मोठ्या वळणावर गरगरला, नाक जाऊन टायरच्या भिंतीला. इंजिन चालू, चाकं धड, फक्त लिव्हर, बटण, आणि परत रस्त्यावर. व्हिडिओ आहे माझ्याकडे, दाखवतो. तिथली माणसं हाताने सांगतायत, मागे घे, मागे घे. हा बघा, हाताची घडी घालून बसलाय. बाकीच्या गाड्या सगळ्या पुढे गेल्या, क्रेन आली, ह्याला नाकाला धरून उचललं. मी फोनवर विचारलं, शेठ, रिव्हर्स? तर बोलतो, एवढी लोकं बघत होती रे.

आता गाडी परत माझ्याच गाळ्यात आहे, ती बघा, नाक फुटलेली. नाक मी करून देईन. पण काल बोलला तो रिव्हर्स पण काढून टाक, उगाच वजन आहे. मी नाही काढणार. स्प्रिंगला तेल घातलंय, रोज एकदा गाळ्यातल्या गाळ्यात मागे घेतो, घुंईईई, तोंडाने टीं टीं करून. शेठ वाईट नाही हो, नारळ झाल्यावर जेवायला पण घालतो. देव त्याला सुखी ठेवो, आणि त्याच्यासमोर कधी भिंत न येवो.