ताटातला हात

आमच्या आईच्या तोंडापुढं कुनाचं टिकत न्हाई, हे तुमाला ठावं हाय. पण त्या दिवशी तिच्या तोंडानंच आमचं काम झालं, राव.

आखातातनं दोन पावणं अवसरीला आमचा कांदा बघाया आले व्हते. एक तिथल्या सरकारचा साहेब, दुसरा व्यापारी. तिकडं भाव भडकू नये म्हणून दोघं मिळून थेट शेतकऱ्याकडनं कांदा घेनार व्हते. आमच्या शेतकरी गटाचं सगळं वर्ष त्यांच्या एका शब्दावर व्हतं.

आईनं मासवडीची दोन ताटं वाढली. त्यांनी एक बाजूला सारलं आन दोघं एकाच ताटात जेवाया बसले. आई घाबरली. "काय चुकलं का रं?"

संगट आलेला मंचरचा दुभाषी म्हनला, "न्हाई मावशी, त्यांची रीतच हाय. सरकार आन व्यापारी एका ताटात."

"मग आपल्याकडं काय येगळं हाय?" आई म्हनली. "फकस्त दार लावून जेवत्यात."

मी डोळे वटारले, तवर त्या बाबानं भाषांतर करूनबी टाकलं. दोघांनी एकमेकाकडं बघितलं. मग साहेब जो हसत सुटला, तो हसता हसता सरकला आन मला जागा करून दिली. दुभाषी म्हनला, "बस भाऊ. ज्याचा कांदा, त्याचाबी हात ताटात पायजे म्हनत्यात."

बोलणी त्याच ताटावर झाली. देव त्यांचं भलं करो, आजवर शब्द मोडला न्हाई.

गाडी भरून निघाली की आई दर वेळी इचारती, "आपला हात हाय ना रं अजून ताटात?"

मी म्हनतो, "हाय. आन दारबी उघडं हाय."