‘पाहिलं’ म्हणालो होतो मी

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील संचालक मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या मोठ्या बाई, आणि जागा नसल्याने मागे उभ्या राहिलेल्या सहकाऱ्यांनो,

बाईंबद्दल चार शब्द बोलायचा मान मला मिळाला. का मिळाला? सोमवारपासून त्यांची खुर्ची माझी आहे म्हणून. असो.

घरांची मालकी ब्लॉकचेनवर, म्हणजे संगणकातल्या साखळीसारख्या नोंदवहीवर, आणायचं आपलं काम बाईंनी उभं केलं. एका घरामागे एक टोकन. टोकन ज्याच्याकडे, घर त्याचं. नियमही त्यांचाच, की आम्हा दोघांच्या सह्यांशिवाय काही हलायचं नाही. पण कामाचा रेटाच असा, की बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, “पाहिलंस ना रे?” मी म्हणायचो, “पाहिलं.” की झाली सही! सात वर्षं हेच चाललं.

गेल्या वर्षी ॲप सेकंदाला हजार व्यवहार पेलतं का, हे संचालकांना तातडीने बघायचं होतं. टोकन पाठवून बघायला मी खात्यांचे खोटे पत्ते भरले, नमुन्याला एक खरं घर घेतलं, आणि खऱ्याऐवजी चाचणीची साखळी निवडायचीच विसरलो. “पाहिलंस ना रे?” “पाहिलं, बाई.” पाहिलं कुठे होतं? डबा घेऊन उठलो होतो मी!

ते घर शिवणकाम करणाऱ्या एका मावशींचं. खऱ्या साखळीत त्याचं टोकन कुणाच्याच नसलेल्या खोट्या पत्त्यावर जाऊन बसलं. कुलूप लागलं, पण किल्ली कधी घडवलेलीच नव्हती. आणि लिहिलेलं कुणालाही खोडता येत नाही, हीच तर आपली जाहिरात! घर विकून मावशी नवऱ्याचं ऑपरेशन करणार होत्या. गिऱ्हाईक मागे फिरलं. दोन महिन्यांनी नवरा गेला.

चौकशीत विचारलं, शेवटची सही कोणाची? बाई म्हणाल्या, “माझी. मी वाचायला हवं होतं.” माझं नावसुद्धा घेतलं नाही हो त्यांनी. मी समोरच बसलो होतो, पेनाचं टोपण काढत-घालत. लाज वाटते सांगायला.

अध्यक्षमहोदय, चिठ्ठी पाठवू नका, आवरतोच आहे. पत्रिकेत ‘स्वेच्छानिवृत्ती’ छापलंय, पण बाईंना काढलंय, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्यासमोरच्या पाकिटात माझा कबुलीजबाब आणि राजीनामा आहे. कबुलीजबाबाची एक प्रत सकाळीच मावशींच्या वकिलांना दिली.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. त्या एका ‘पाहिलं’बद्दल मात्र मला कुणी माफ करू नका. बाई, तुम्हीसुद्धा नाही.