मच्छरदाणीचा तुकडा

गॅरेजच्या बाकावर एक म्हातारा आपल्या स्कूटरची वाट बघत पेपर चाळत होता. पुढ्यात मिस्त्री चिखलातल्या शर्यतीची मोटरसायकल उघडून बसला होता आणि लेकीची ती गाडी घेऊन आलेले काका शेजारी उभे होते.

“काका, इंजिन तापून जाम झालंय. रेडिएटरवर हे काय बांधलंय?”

“घरातली जुनी मच्छरदाणी. चार पदरी. चिखल आत जाऊ नये म्हणून.”

“चिखलाबरोबर वाराही अडला की. बघा, गिलावा केल्यासारखं झालंय. मी जाळी बसवून दिली होती ना?”

“तिची भोकं मोठी वाटली मला.”

“ती वाऱ्यासाठीच असतात. ताप आलेल्या माणसाच्या तोंडावर उशी ठेवाल का? लेकीने बांधलं हे?”

“मी. शर्यतीच्या आदल्या दिवशी, तिला न सांगता.”

“ती तर म्हणत होती, माझ्याच हाताने गाडीची वाट लागली.”

“मीच तसं बोललो तिला. चारचौघांत. तेव्हापासून हेल्मेट माळ्यावर टाकलंय तिने. पुन्हा गाडीवर बसणार नाही म्हणते.”

“मग आता काय सांगणार?”

“तूच सांग ना. पंप गेला होता म्हण.”

“पंप चांगला आहे, काका.”

मिस्त्री पाना पुसत राहिला.

“तो तुकडा दे इकडे.”

“टाकतो की मी.”

“नको. झटकूही नकोस. आहे तसा कागदात बांधून दे. तिला दाखवतो.”

“कागद कुठे आहे आता इथे?”

बाकावरच्या म्हाताऱ्याने पेपरचं मधलं पान काढलं आणि पुढे धरलं.