एखादा तरी असेलच की!

...आणि वर मलाच म्हणतात, "काका, तुमचं चुकलंय!" माझं? अहो, ते वाक्य मी लिहिलं का? तुम्हाला सांगतो, तारांगणात घुमटाखालच्या अंधारात एकोणीस वर्षं जो आवाज येत होता ना, "आकाशगंगेच्या केंद्रात प्रचंड कृष्णविवर आहे... त्याच्या ओढीनं वायूच्या ढगांच्या चिंध्या होतात... तिथं नवा तारा जन्मूच शकत नाही...", तो माझा. कागदावर असेल ते वाचायचं. आपण काय, वाचणारी माणसं!

तर त्यात मधेच एक बाई विचारते, "एकही तरुण तारा नाही तिथं?" ती आमची ही. रेकॉर्डिंगच्या दिवशी ठरलेल्या बाईंचा घसा बसला, आणि ही माझा डबा घेऊन आलेली. बसवली माइकपुढे. एवढंच वाक्य होतं हो! पण तेवढ्यावर थांबेल तर ती ही कसली? पुढे पदरचं घातलंच, "अहो, एखादा तरी असेलच की!" आणि मी... घरातल्यासारखाच खेकसलो, "नाही म्हटलं ना!" रेकॉर्डिंगवाला हसून लोळायचा बाकी. म्हणाला, राहू द्या. राहिलं! दिवसाला तीन खेळ, आणि लोक तिथं हसतात म्हणजे हसतातच.

तीन वर्षांपूर्वी ही गेली. घरात फोटो बख्खळ, पण आवाज? कुठंच नाही. रोज कानाशी असायचा, तो जपून ठेवायचं कुणाला सुचतंय? म्हणून मी रोज तीनच्या खेळाला शेवटच्या रांगेत बसतो. तेवढ्यासाठी.

आणि गेल्या महिन्यात तारांगणाच्या नव्या मॅडम म्हणतात, "काका, हा भाग काढावा लागेल. केंद्राजवळ तरुण तारे सापडलेत, एक-दोन नाही, चांगले डझनावारी. तिथं आले कसे, हे कोडंच आहे, पण आहेत." म्हटलं, "मॅडम, राहू द्या ना... लोकांना कुठं कळतंय?" तर त्या, "काका, माहीत असून खोटं कसं ऐकवायचं?" आता हे मला काय विचारता? आपण काय, वाचणारी माणसं!

शेवटी सांगून टाकलं, तो आवाज कुणाचा ते. मॅडमनी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. परत एकदा लावलं. आणि म्हणतात कशा, "काका, काकूंचं कुठं चुकलंय? चुकलंय तुमचं!"

झालं! हिचं सगळं जसंच्या तसं ठेवलं आणि मला कापलं. माझ्या जागी पंचविशीतला कुणीतरी, गुळगुळीत आवाजाचा. आता रोज तीनच्या खेळाला ही म्हणते, "अहो, एखादा तरी असेलच की!" आणि तो म्हणतो, "अगदी बरोबर बोललात तुम्ही!"

तेहतीस वर्षांचा संसार आमचा... हे एक वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नाही हो. कुणी कागदावर लिहून दिलं असतं, तर वाचलं असतं की! आपण काय... वाचणारी माणसं.